चातुर्मासात सोडलेली गोळी

आमच्या घरात दोन बायका एकाच पाकिटातली गोळी घेत होत्या. पाकीट सासूबाईंच्या नावावर यायचं. त्यांची गोळी घरात सगळ्यांना माहीत होती, माझी कोणालाच माहीत नव्हती; निदान मी तसं धरून चालले होते. मी शिक्षिका आहे. मागच्या बाकावर कोण चिंचा चोखतंय ते मला फळ्याकडे तोंड असताना कळतं. घरात माझ्याकडे कोण बघतंय ते मात्र कळलं नाही.

ही गोळी म्हणजे काही चोरटा माल नव्हे. टिकलीएवढी, फिकट, मधोमध रेघ असलेली. घबराट कमी करणारी, झोप आणणारी. तिचं नाव लांबलचक होतं, पण आमच्याकडे तिला नुसतं ‘आईंची गोळी’ म्हणायचे.

ती घरात आली सासऱ्यांच्या मरणाने. सासरे भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. घोडबंदरला कोणा ओळखीच्याकडे जायला म्हणून निघाले आणि बस स्टॉपवर बसल्या जागी गेले. सकाळी पोहे खाऊन गेलेला माणूस दुपारी चौघांनी उचलून आणला. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांचं काळीज तेवढं धडधडायला लागलं आणि थांबेना. दाराची कडी वाजली की उठून उभ्या राहायच्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी बघितली, चार शब्द धीराचे बोलले आणि गोळी लिहून दिली. दहा दिवस. मला पक्कं आठवतंय, ‘दहा दिवस’ ह्या शब्दांखाली त्यांनी रेघ मारली होती.

दहा दिवसांत सासूबाई माणसांत आल्या. जेवल्या, झोपल्या, शेजारणीशी नळाच्या पाण्यावरून भांडल्यासुद्धा. अशा बाईची गोळी कोण बंद करेल? मी पुन्हा मेडिकलमध्ये गेले. दुकानदार राजस्थानकडचा, तोंडाचा गोड. सुरुवातीला त्याने चिठ्ठी मागितली, मग माझा चेहराच त्याला चिठ्ठी झाला. मी काउंटरपाशी पोचायच्या आत म्हणायचा, “आंटी का वो वाला ना, मॅडम? दो पत्ता दे दूँ?” मी म्हणायचे, “हां, दे दो.” चौदा वर्षं आमचं ह्यापलीकडे बोलणं झालं नाही.

आम्हाला ते सोयीचं होतं, हे मी आता मान्य करते. दोन खोल्यांच्या घरात एक म्हातारी बाई शांत असते, वेळेवर झोपते, कसली कुरबुर करत नाही, ह्यात वाईट काय दिसणार? माझे मिस्टर वसईच्या कंपनीत पाळीने कामाला. ते म्हणायचे, “आईची गोळी संपली नाही ना? तेवढं बघ.” तेवढं मी बघायचे. रोज जेवणं झाली की गोळी आणि पाण्याचं भांडं मीच त्यांच्या हातात द्यायचे. त्या गोळी तोंडात टाकून देवाला हात जोडायला जायच्या. सून सासूची किती काळजी घेते, असं बिल्डिंगमध्ये माझं नाव होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझी गोळी कशी सुरू झाली ते सांगते. आमची शाळा मराठी माध्यमाची. भाईंदरमध्ये पोराला मराठी शाळेत घालणारे आईबाप दर जूनला कमी होतात. पट घसरला की वर्ग एकत्र करतात, आणि मग एखादी शिक्षिका ‘अतिरिक्त’ ठरते. हा सरकारी शब्द आहे. पंधरा-वीस वर्षं खडू झिजवल्यावर माणसाने एक दिवस यादीत आपलं नाव ह्या शब्दाखाली वाचायचं आणि कुठे पाठवतील तिथे जायचं. त्या वर्षी आमच्यातली एक कोणीतरी जाणार होती. ती मीच, असं माझ्या मनाने घेतलं. एका सकाळी शेअर रिक्षात माझ्या हातापायांना मुंग्या आल्या, श्वास लागेना, आणि आपण सासऱ्यांसारख्याच बसल्या जागी जाणार असं वाटलं. तशीच उतरून घरी परत आले. सासूबाई खाली देवळात गेल्या होत्या. त्यांचं पाकीट फ्रिजवर होतं. मी अर्धी गोळी तोडून घेतली.

देवाशपथ सांगते, इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. छातीवरचा पाटा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला. मी शाळेत गेले, भागाकार शिकवला, मुख्याध्यापिकेशी हसून बोलले. त्या वर्षी अतिरिक्त दुसरीच ठरली. भीती खोटी निघाली, गोळी मात्र राहिली. आधी परीक्षेच्या दिवसांत, मग सोमवारी, मग रोज. अर्धीची एक कधी झाली ते आठवत नाही. पाकिटं लवकर संपू लागली, तेव्हा मी दोनऐवजी तीन आणू लागले. दुकानदाराने एकदाही विचारलं नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याने विचारलं असतं तर मी दुसरं दुकान धरलं असतं.

काहीतरी चुकतंय हे मला एका गणपतीत कळलं. रत्नागिरीकडे गावी गेलो होतो. गोळ्या मोजून घेतल्या होत्या, पण परतीची गाडी रद्द झाली आणि मुक्काम लांबला. उरल्या त्या सासूबाईंपुरत्या. मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी मोदकाची पारी माझ्या हातात धरवेना. अंगाला दरदरून घाम, तोंडाला कोरड, भांडं पडलं तरी मी किंचाळायचे. जावांना सांगितलं, पित्त उसळलंय. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि आपली कापडी पिशवी माझ्या मांडीवर टाकून म्हणाल्या, “ही तुझ्याजवळ ठेव गो. मला म्हातारीला सांभाळवत नाही.” पिशवीत गोळ्या होत्या. मी नशिबाचे आभार मानले. तासाभरात माझ्या हाताखाली कळ्या सुरेख पडायला लागल्या.

घरी आल्यावर मी कानाला खडा लावला. दोनदा सोडायचा प्रयत्नही केला, दोन्ही वेळा चौथ्या दिवशी पुन्हा घेतली. कोणाला विचारायचं धाडस नव्हतं. एवढं मात्र मला स्वतःच्या अंगावरून माहीत झालं होतं की ही गोळी एकदम सोडली तर ती माणसाला धरून हलवते. ही गोष्ट मी सासूबाईंना सांगायला हवी होती. पण ते सांगायचं म्हणजे मला कसं माहीत, हेही सांगावं लागलं असतं.

मग तो जून आला. मेडिकलवाला घरच्या लग्नासाठी दुकान बंद करून गावी गेला. दुसऱ्या दुकानात चिठ्ठी मागितली. तिसऱ्या दुकानात पोराने माझ्याकडे असं बघितलं की मी काही न बोलता खोकल्याचं औषध घेऊन बाहेर आले. घरी दोनच गोळ्या होत्या. मी पर्स आपटली आणि सासूबाईंवर ओरडले, “तुमच्या ह्या गोळीपायी मला दारोदार फिरावं लागतं! सवय लागलीये तुम्हाला, दुसरं काय! मनात आणलं तर सुटेल, पण मनात आणतंय कोण?” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. बोलताना माझे हात थरथरत होते. सासूबाई माझ्या हातांकडे बघत होत्या. दोन दिवसांनी मेडिकल उघडलं आणि मी ते बोलणं विसरून गेले.

पुढच्या महिन्यात चातुर्मास लागला. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर छोटं देऊळ आहे, तिथे बायकांचं भजनी मंडळ बसतं. बहुतेक जणी रत्नागिरी-रायगडकडच्या. चातुर्मास लागला की प्रत्येकीने आपल्या आवडीचं काहीतरी चार महिन्यांसाठी देवाला सोडायचं, असा नेम. त्या दिवशी मी प्रसादाला खाली गेले होते. एकीने वांगं सोडलं, एकीने साखर. एक म्हणाली, “मी दुपारची सिरीयल सोडत्ये.” त्यावर दुसरी म्हणाली, “ती रात्री परत दाखवतात गो, ती पण सोड.” सगळ्या हसल्या. सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं मी देवाला सांगितलंय.” कोणी आग्रह केला नाही. मनात धरलेल्या नेमाची फोड करायची नसते.

त्या दिवसानंतरही मी गोळी देत होते. त्या तोंडात टाकत होत्या, दोन घोट पाणी पीत होत्या आणि देवघराकडे जात होत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी त्या वाती वळायला बसल्या होत्या. वळलेल्या वाती म्हणजे त्यांचा अभिमान, सगळ्या एका मापाच्या. त्या दिवशी ताटलीत नुसते कापसाचे वाकडेतिकडे पुंजके. कपाळाला घाम. मी म्हटलं, “आई, बरं नाही का?”

“म्हातारपण गो, दुसरं काय?”

“झोप लागते ना?”

“लागते की. गोळी देतेस ना तू?”

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. असे हात मी ओळखत होते. पण गोळी तर मी स्वतः देते, मग तसं कसं असेल, असं म्हणून शाळेत निघून गेले. दोन मिनिटं शेजारी बसले असते, तरी पुढचं कदाचित टळलं असतं.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी गॅलरीत तुळशीला पाणी घालताना त्या पडल्या. नुसत्या पडल्या नाहीत, अंगाला झटके येत होते. दातखीळ बसली होती. मिस्टरांनी आणि शेजाऱ्यांनी उचललं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मीरा रोडच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथली डॉक्टर मुलगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची असेल. तिने मिस्टरांना विचारलं, “ह्यांना झोपेची, घबराटीची वगैरे काही गोळी चालू आहे का? रोज?” मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “कधीतरी घेतात. झोप नाही आली तर.”

हे मी का बोलले? चौदा वर्षं चिठ्ठीशिवाय आणल्या, हे कळेल म्हणून. रोज किती, किती पाकिटं, असा हिशोब निघाला तर अर्ध्या गोळ्या कुठे गेल्या, हे विचारतील म्हणून. आणि आणखी एक कारण होतं, ते लिहायला मला फार दिवस लागले. आईंची गोळी बंद केली तर माझी कुठून येणार, ही भीती होती. समोर स्ट्रेचरवर सासू पडलेली, आणि मी माझ्या पाकिटाचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्यांना पुन्हा झटका आला. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं, मीठ कमी झालंय का बघितलं. काही सापडेना. सासूबाई भिंतीकडे बोट दाखवून म्हणत होत्या, “मुंग्या झाड गो, अंथरुणात येतील.” भिंतीवर काहीच नव्हतं.

संध्याकाळी कपडे न्यायला मी घरी आले. नाक्यावर राई गावातली एक भाजीवाली बसते. तिच्या शेताचा उरलेला तुकडा आमच्या गॅलरीतून दिसतो, बाकीच्यावर टॉवर झालेत. सासूबाईंची ती जुनी मैत्रीण, दोघी तासन्‌तास बोलायच्या. तिने मला हाक मारली.

“काय गो, तुझी सासू दिसत न्हाय दोन रोज. बरी हाय ना?”

मी सांगितलं.

तिने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. “तरी मी तिला बोलली व्हती. वांगा सोड, भात सोड, गोली सोडू नको. दवा हाय ती. तर बोलते कशी, ‘आवडीचं सोडायचं असतं.’”

मी जिने धावत चढले. देवघरात कुंकवाच्या करंड्यामागे एक पितळेची डबी होती. उघडली. आत सहा गोळ्या. कडेने जराशा विरघळलेल्या, तोंडातून काढून ठेवलेल्या. प्रत्येकीवर हळदकुंकवाचा कण होता.

मी देवघरासमोर मट्‌कन बसले. हे आमच्याच बाईला सुचावं. डॉक्टरला विचारायचं नाही, घरात सांगायचं नाही, देवाच्या हवाली करून मोकळं व्हायचं. मला राग आला, देवाचा, त्यांचा, आणि ज्याचा यायला हवा होता तो सर्वांत शेवटी आला.

डबी घेऊन मी तशीच परत हॉस्पिटलमध्ये गेले आणि त्या डॉक्टर मुलीला सगळं सांगितलं. त्यांचंही, माझंही. मिस्टर बाजूला उभे होते. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. डॉक्टर रागावली नाही. म्हणाली, “इतकी वर्षं घेतलेली गोळी एकदम बंद केली की झटके येऊ शकतात. ही हळूहळू, कित्येक महिने घालवून उतरवायची असते. काल सांगितलं असतंत तर आजचा झटका आला नसता.” तिने ते साध्या आवाजात सांगितलं. मग म्हणाली, “तुम्हीही स्वतःहून बंद करू नका. पण येऊन भेटा मला.” मी मान डोलावली.

इंजेक्शन दिलं, सलाईन लागलं, आणि दोन दिवसांत सासूबाईंच्या भिंतीवरच्या मुंग्या गेल्या. माणसं ओळखू लागल्या. आता तोंडाने गोळी सुरू करायची होती. नर्सने गोळी पुढे केली, तर त्यांनी तोंड मिटलं. नर्स म्हणाली, “आजी, खाओ ना.” आजींनी मान फिरवली. मग मी गेले.

“आई, घ्या. नाही घेतली तर पुन्हा झटके येतील. ऑपरेशन करता येणार नाही.”

“नेम आहे माझा. चार महिन्यांचा.”

“देव असा नेम मागत नाही.”

“देवाला शब्द मी दिलाय. तू कशाला मध्ये पडतेस?”

मी हात जोडले. चिडले. शाळेतल्या हट्टी मुलांना भीती घालतात तशी भीतीसुद्धा घातली. त्या ऐकेनात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मी पुटपुटले. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला सलाईनची पट्टी होती.

“तुझ्यासाठी सोडली गो,” त्या म्हणाल्या. “मी घेते म्हणून घरात येते. चार महिने झाले की सांगणार होते, माझी सुटली. म्हणजे मेडिकलातनं आणायला निमित्त उरणार नाही. मग तू काय घेशील?”

मी स्टूलवर बसले.

“गणपतीत कळलं मला. माझ्यासारखेच हात हलत होते तुझे. म्हणून पिशवी दिली तुझ्याकडे. मला वाटलं, ही बोलेल. तू बोलली नाहीस. मग मी पण नाही बोलले. शिकलेली आहेस, तुला लाज वाटेल म्हणून. माझ्या पाकिटातनं लागली तुला. म्हणून देवाला म्हटलं, माझी सुटू दे आणि हिची पण सुटू दे.”

मी त्यांच्या पलंगावर डोकं टेकून रडले. वॉर्डातल्या बाकीच्या बायका बघत होत्या, बघू दे म्हटलं. माझ्या आईने माझ्यासाठी उपास केले असतील, पण ह्या बाईने माझ्यासाठी हाड मोडून घेतलं होतं, आणि त्यात तिला काही विशेष वाटत नव्हतं.

आमच्या गावाकडे एक रीत आहे. घेतलेला नेम आजारपणाने किंवा सुतकाने अडला, तर घरातल्या दुसऱ्या बाईने तो पुढे चालवायचा. तेव्हा तो मोडत नाही. सासूबाईंनीच ते काढलं. म्हणाल्या, “तू चालव माझा नेम. तू सोड, मग मी घेते.”

मी म्हटलं, “डॉक्टर म्हणतात, हळूहळू सोडायची.”

“हळूहळू सोड. पण सोड. घे पाणी.”

मी स्टीलच्या पेल्यातलं पाणी तळहातावर घेतलं. काय म्हणायचं ते त्या पुटपुटल्या, मी त्यांच्या मागून म्हटलं आणि पाणी ताटलीत सोडलं. तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि मी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली. समाधानाने गिळली त्यांनी. त्या दुपारी हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये उभी राहून मी माझी गोळी घेतली. पूर्ण. पाण्याशिवाय.

डॉक्टर मुलीने मलाही कागदावर लिहून दिलं होतं: दर काही आठवड्यांनी थोडीथोडी कशी कमी करायची. तो कागद पर्समध्ये घडी घालून फिरत राहिला. ऑपरेशन होऊ दे, मग सुरू करीन. घरी येऊ दे, मग. शाळेची चाचणी परीक्षा होऊ दे, मग. आज हे लिहिताना मी पाव गोळीवर आहे. कमी करायला घेतली ती सासूबाई गेल्यानंतर, महिन्याभराने, त्याच डॉक्टरसमोर बसून. फार हळू चाललंय. काही दिवस बरे जातात, काही दिवस तास मोजावे लागतात. मिस्टर आता स्वतः गोळी कापून देतात. ब्लेडने, भिंग लावून. आम्ही त्यावर फार बोलत नाही. पण तेव्हा, सासूबाई असताना, मी एक कणही कमी केला नव्हता.

ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पुढच्या खोलीत त्यांचा पलंग टाकला. भजनी मंडळाच्या बायका यायच्या. सासूबाई त्यांना सांगायच्या, “माझा नेम सून चालवते हो.” काय सोडलंय ते सांगायच्या नाहीत, फोड करायची नसते. बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. एक म्हणाली, “अशी सून मिळायला भाग्य लागतं.” मी चहा टाकायला आत जायचे.

पितृपक्षाच्या सुमाराला त्यांच्या छातीत कफ भरला. गल्लीतले डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले, हॉस्पिटलमध्ये नेऊन त्यांचे हाल नका करू. एका सकाळी मी त्यांना वाटीतून पेज भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. माझा हात बघितला, पालथा, सुलटा. हात अगदी स्थिर होता. सकाळचीच घेतली होती ना.

“सुटली ना गो?”

मी हो म्हटलं. “सुटली, आई.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

त्यांचा चेहरा असा उजळला, की सासरे गेल्यापासून मी तो तसा बघितला नव्हता. डोळे भरून आले त्यांचे. “मग नेम झाला,” त्या म्हणाल्या. “आता माझी पण बंद कर. आता देऊ नको मला.”

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ह्या अवस्थेत अजिबात बंद करू नका, त्रास होईल त्यांना. मिस्टर म्हणाले, मग आईला खरं सांग. मी दोनदा सांगायला गेले. दोन्ही वेळा त्या माझ्याकडे बघून हसल्या, आणि मी उशी नीट करून परत आले.

मग मी रोज त्यांची गोळी पाट्यावर बारीक करायचे आणि सकाळच्या पेजेत घालायचे. वर थोडं मीठ, थोडं तूप, कडवटपणा लागू नये म्हणून. त्या संपूर्ण वाटी खायच्या. “गोळीवाचून पण झोप लागते बघ,” असं मला कौतुकाने सांगायच्या. “उगीच इतकी वर्षं घेतली.” मी म्हणायचे, “हो ना.”

मी ‘सुटली’ म्हटल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी त्या गेल्या. शांतपणे गेल्या. आमच्या दोघींची सुटली असं धरून गेल्या. त्यांच्या पोटात सकाळची गोळी होती, आणि माझ्याही.